सतरा स्कायहॉक आणि अकरा वर्षांचा खोळंबा : न्यूझीलंडच्या विमानविक्रीचं प्रकरण

हवाई दलातून निवृत्त झालेली जुनी जेट विमानं परदेशात विकली जातात म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे जुन्या गाडीच्या विक्रीसारखं काहीतरी येतं, म्हणजे गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, कागद झाले, विमान गेलं. तसं नसतं. लढाऊ विमान ज्याने विकत घेतलं त्याचं पूर्णपणे कधी होतच नाही, आणि हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते न्यूझीलंडच्या स्कायहॉकच्या प्रकरणात. २००१ च्या डिसेंबरमध्ये ती विमानं उडायची बंद झाली आणि त्यातली काही विकली गेली २०१२ मध्ये. मधली अकरा वर्षं काय झालं, आणि एवढी चांगली विमानं असून ही वेळ का आली, ते सविस्तर लिहितो कारण या प्रकरणावर तुकड्या-तुकड्यात बरंच वाचायला मिळतं पण सगळं एका ओळीत लावलं की चूक नेमकी कुठे झाली ते कळतं.

आधी विमान. डग्लस कंपनीचं ए-४ स्कायहॉक, डिझायनर एड हाइनमन, पहिलं उड्डाण जून १९५४. हाइनमन यांचा सगळा भर वजन कमी ठेवण्यावर होता, पंखांचा पसारा इतका छोटा ठेवला की विमानवाहू जहाजावर पंख दुमडायची गरजच उरली नाही, म्हणजे दुमडायची यंत्रणा गेली, तिचं वजन गेलं, तिची देखभालही गेली. १९७९ पर्यंत जवळपास २,९६० विमानं बनली. साधं, चिवट, छोटं विमान, आणि म्हणूनच ते ज्यांच्यासाठी बनलं त्यांच्याकडून निवृत्त झाल्यावरही दुसऱ्या-तिसऱ्या देशात चालत राहिलं.

न्यूझीलंडने १४ विमानं घेतली, १० एक सीटची आणि ४ दोन सीटची, आणि मे १९७० मध्ये ती अमेरिकी नौदलाच्या ओकिनावा जहाजावरून ऑकलंडला पोचली. ओहाकेया हा त्यांचा मुख्य तळ. पुढच्या एकतीस वर्षांत ही विमानं एकाही युद्धात गेली नाहीत. १९७६ मध्ये किन नान नावाच्या तैवानी मासेमारी बोटीला थांबवण्यासाठी इशाऱ्याचा गोळीबार केला, सरावाबाहेर झाडलेल्या गोळ्या म्हणाव्यात तर तेवढ्याच. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण पुढे राजकारणात तो फार वापरला गेला.

आता यात ऑस्ट्रेलिया येतो. ऑस्ट्रेलियन नौदलाकडे २० स्कायहॉक होती, एचएमएएस मेलबर्न या विमानवाहू जहाजासाठी घेतलेली. (आपल्या जुन्या विक्रांतच्याच वर्गातलं, मॅजेस्टिक वर्गातलं जहाज हे.) त्या वीसपैकी दहा अपघातांत गेली, यावरून छोट्या डेकवरून जेट चालवणं काय प्रकार असतो ते कळतं. १९८२ मध्ये मेलबर्न सेवेतून काढलं, नवं जहाज घ्यायचं रद्द झालं, आणि उरलेली दहा विमानं १९८४ मध्ये न्यूझीलंडने २.८२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतली. हा व्यवहार किती सहज झाला बघा. शेजारी मित्रदेश, तेच विमान, तेच स्पेअर्स, वापरणारं हवाई दल आधीपासून चालू स्थितीत, तंत्रज्ञांना विमानाची नस न नस माहीत. अमेरिकेची परवानगी तेव्हाही लागलीच असणार कारण विमान अमेरिकन, पण घेणारं सरकार आणि देणारं सरकार दोन्ही तिच्या ओळखीचे. जुन्या जेटची परदेशात विक्री यशस्वी कशी होते याचा नमुना याच प्रकरणाच्या सुरुवातीला आहे, आणि शेवटी जे बिघडलं ते याच्याशी ताडून बघितलं की बरोबर कळतं.

मग आला काहू प्रकल्प. काहू म्हणजे माओरी भाषेत ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी. १९८० च्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात सुरू होऊन १९९१ पर्यंत चाललेल्या या अपग्रेडवर साधारण १४ कोटी न्यूझीलंड डॉलर खर्च झाले. एफ-१६ मधल्या रडारच्याच कुटुंबातलं एपीजी-६६ रडार बसवलं, नवीन हेड-अप डिस्प्ले (पायलटच्या नजरेसमोर काचेवर माहिती दाखवणारा), थ्रॉटल आणि स्टिकवरून हात न काढता सगळी बटणं, साइडवाइंडर क्षेपणास्त्राची नवी आवृत्ती, मॅव्हरिक क्षेपणास्त्र, लेझर गायडेड बॉम्ब. बाहेरून पन्नाशीच्या दशकातलं विमान आणि आतून ऐंशीच्या दशकातलं. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, आणि गंमत म्हणजे त्याचा खरा फायदा वीस वर्षांनी दुसऱ्याच देशातल्या एका खाजगी कंपनीला झाला, ते पुढे येईलच.

१९९१ पासून न्यूझीलंडची दोन नंबर स्क्वाड्रन ऑस्ट्रेलियात नौरा इथल्या नौदलाच्या हवाई तळावर राहायला गेली. ऑस्ट्रेलियन नौदलाकडे आता स्वतःची जेट नव्हती, त्यांच्या युद्धनौकांना हवाई हल्ल्याचा सराव हवा होता, तर तो सराव न्यूझीलंडची स्कायहॉक द्यायची. म्हणजे जी विमानं नौराहून विकली गेली होती त्याच ताफ्यातली काही विमानं दुसऱ्या देशाच्या रंगात परत नौराच्या धावपट्टीवर, आणि काम काय तर शत्रू बनायचं. हा 'शत्रू बनायचा' धागा पुढेही सुटत नाही. याच नौराजवळ फेब्रुवारी २००१ मध्ये सरावाच्या वेळी स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर अपघातात गेले, म्हणजे ज्या वर्षी स्क्वाड्रन मोडल्या त्या वर्षाची सुरुवातच या माणसांसाठी शोकाने झाली होती.

ही विमानं चालवणारे लोक फार तयारीचे होते हे वेगळं सांगायला हवं. ७५ नंबर स्क्वाड्रनची किवी रेड नावाची प्रदर्शन टीम होती, त्यांची खासियत म्हणजे एक स्कायहॉक दुसऱ्याला हवेत इंधन देतंय, होज जोडलेलं आहे आणि त्याच अवस्थेत दोघंही बॅरल रोल मारतायत. हे करायला नुसता पायलट चांगला असून भागत नाही, मागे देखभालीची टीमही तितकीच भरवशाची लागते.

१९९० च्या दशकाच्या शेवटी जेनी शिपली यांच्या नॅशनल पक्षाच्या सरकारने स्कायहॉकच्या जागी २८ एफ-१६ भाड्याने घ्यायचं ठरवलं. ही २८ विमानं म्हणजे पाकिस्तानसाठी बनवलेली, पण प्रेसलर दुरुस्तीमुळे (पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावरून मदत रोखणारी अमेरिकी कायद्यातली तरतूद) १९९० नंतर अमेरिकेने अडवून ठेवलेली आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी करून ठेवलेली. जवळपास नवी कोरी विमानं आणि अटी सोप्या. मग सरकार बदललं, हेलन क्लार्क पंतप्रधान झाल्या आणि मार्च २००० मध्ये त्यांनी हा करार रद्द केला. पुढची घोषणा मे २००१ मध्ये: हवाई दलाची लढाऊ शाखाच बंद. युक्तिवाद असा की तीस वर्षांत या विमानांचा युद्धात वापर झाला नाही, आपल्या आसपास तसा धोका नाही, पैसा भूदलाला आणि शांतिसेनेच्या कामाला हवा. विरोधकांचं म्हणणं की तुम्ही एकदा ही क्षमता मोडली की पुन्हा उभी करता येणार नाही. प्रकरण कोर्टातसुद्धा गेलं, पण संरक्षणाचे असले निर्णय सरकारने घ्यायचे, कोर्टाने नाहीत, अशा अर्थाचा निकाल २००२ मध्ये अपील कोर्टाने दिला.

निर्णय बरोबर की चूक यावर मी इथे लिहीत नाही, छोट्या देशाने जेट ठेवावीत की नाही यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं आहेत. मला बोलायचंय ते निर्णयानंतरच्या कामाबद्दल. १३ डिसेंबर २००१ ला स्क्वाड्रन विसर्जित झाल्या. १७ स्कायहॉक आणि १७ एर्माकी (इटलीची एमबी-३३९ ट्रेनर जेट, ही तर १९९० च्या दशकात नवी घेतलेली) एकदम जमिनीवर आली. आणि त्या दिवशी गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतं.

या एका वाक्यात सगळं आलं. स्क्वाड्रन चालू असताना विमान विकणं आणि स्क्वाड्रन मोडल्यावर विमान विकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चालू स्क्वाड्रनमध्ये विमान रोज किंवा दिवसाआड उडतं, त्याचं लॉगबुक ताजं असतं, प्रत्येक पार्टचे तास मोजलेले असतात, घेणाऱ्याला दाखवायला विमान हवेत नेता येतं, त्याच्या पायलटला ट्रेनिंग देता येतं, त्याच्या मेकॅनिकला आपल्या मेकॅनिकच्या शेजारी सहा महिने उभं करता येतं. स्क्वाड्रन मोडली की हे सगळं जातं आणि उरतो तो धातू. इथे तर पायलट आणि तंत्रज्ञ लगेच पांगले, बरेच जण ऑस्ट्रेलियाच्या आणि ब्रिटनच्या हवाई दलात गेले, कारण त्यांना जेट उडवायची होती आणि घरी जेट राहिली नव्हती. त्यांना कोण दोष देणार. पण प्रत्येक जाणाऱ्या माणसाबरोबर त्या ३४ विमानांची किंमत थोडी थोडी खाली येत होती आणि ती कुठल्या हिशोबात लिहिली जात नव्हती.

२००५ मध्ये बातमी आली की गिऱ्हाईक मिळालं. टॅक्टिकल एअर सर्व्हिसेस नावाची अमेरिकन कंपनी सगळीच्या सगळी १७ स्कायहॉक आणि १७ एर्माकी घेणार, किंमत ११ कोटी अमेरिकी डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १५.५ कोटी न्यूझीलंड डॉलर. आकडा ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं, काहूचा खर्च वसूल झाल्यासारखाच की. पण सौद्याला अट होती, अमेरिकन परराष्ट्र खात्याची मंजुरी.

इथे थोडं थांबून ही मंजुरी म्हणजे काय ते बघू, कारण जुन्या लष्करी विमानांच्या सगळ्या व्यवहारांची किल्ली इथे आहे. अमेरिका जेव्हा दुसऱ्या देशाला शस्त्रं विकते तेव्हा करारात लिहिलेलं असतं की हे तुम्ही आमच्या लेखी संमतीशिवाय तिसऱ्याला द्यायचं नाही, भाड्याने नाही, भेट नाही, सुटे भागसुद्धा नाही, आणि ठरलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. कायदा म्हणजे शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आणि संमती देतं परराष्ट्र खातं. वीस-तीस वर्षं झाली, विमान म्हातारं झालं, तुम्ही त्यात स्वतःचे पैसे घालून नवीन रडार बसवलं, तरी ही अट सुटत नाही, उलट नवीन रडारही अमेरिकन म्हणून त्याचीही तीच अट. आणि लोकांना चमत्कारिक वाटतं ते हे की घेणारी कंपनी अमेरिकेतलीच असली तरी संमती लागतेच, कारण प्रश्न देशाचा नसून कोणाच्या ताब्यात जातंय याचा आहे, सरकारच्या ताब्यातून खाजगी माणसाच्या ताब्यात. शिवाय अमेरिकेत लष्करी विमान आयात करायची परवानगी वेगळी, तिथल्या नागरी विमान खात्याचं उड्डाण प्रमाणपत्र वेगळं. एवढ्या दारांवर एकामागून एक थांबायचं, आणि विक्रेत्याच्या हातात यातलं एकही दार नाही.

मंजुरी येईना. महिने गेले, वर्षं गेली. रडार चालू, शस्त्रांची वायरिंग शाबूत असलेली सतरा विमानं एका खाजगी कंपनीला एकगठ्ठा देणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती, मला वाटतं वॉशिंग्टनमध्ये कोणालाच घाई नव्हती. अण्वस्त्रांच्या आणि अणुशक्तीवरच्या जहाजांना आपल्या बंदरांत बंदी घालायच्या न्यूझीलंडच्या धोरणावरून १९८० च्या दशकात दोन्ही देशांचे लष्करी संबंध बिघडले होते हेही मागे होतंच, पण त्याच्यामुळेच अडलं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही म्हणून तसं म्हणत नाही.

दरम्यान स्कायहॉक न्यूझीलंडच्या वुडबॉर्न या हवाई तळावर उभी. उभ्या विमानाचं काय होतं हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमान उडून झिजतं त्यापेक्षा उभं राहून वेगळ्या तऱ्हेने खराब होतं. रबराची सील सुकतात आणि तडकतात, हायड्रॉलिकची गळती सुरू होते. इंधनाच्या टाक्यांचं सीलंट आक्रसतं. होज पाइपांना तारखेची मर्यादा असते, तास शून्य असले तरी तारीख उलटली की बदलायचे. इंजिनात संरक्षक तेल भरून, तोंडं बंद करून ठेवावं लागतं आणि ते ठरावीक दिवसांनी पुन्हा करावं लागतं. टायर एकाच जागी चपटे होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इजेक्शन सीट, संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. स्कायहॉकच्या एस्केपॅक सीटमध्ये रॉकेट आणि काडतुसं असतात, त्यांचं आयुष्य कॅलेंडरवर मोजतात, ती हँगरमध्ये बसून म्हातारी होतात आणि मुदत संपली की नवी घालावीच लागतात, आणि जगात ते सीट वापरणारे कमी होत गेले की नवी काडतुसं बनवणारेही कमी होत जातात. म्हणजे विमान नुसतं जपून ठेवायलाही माणसं, पैसा, कागद सगळं लागतं. उडत नसलेल्या विमानावर वर्षानुवर्षं खर्च चालू राहिला, आणि करदात्याला विचाराल तर हा सगळ्यात वाईट खर्च, बचत करायची म्हणून लढाऊ शाखा बंद केली आणि बंद केलेल्या शाखेची विमानं पोसायची.

पुढे हँगरची जागाही दुसऱ्या कामाला हवी झाली तेव्हा स्कायहॉकवर लेटेक्सचा पांढरा थर फवारला, काच, सांधे, झाकणं सगळं बंद, आणि विमानं बाहेर उघड्यावर उभी केली. ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरंच पोटात कालवलं. विमानाचा आकार ओळखू येतो, ती उंच पायांवरची ऐटदार उभं राहण्याची ढब ओळखू येते, पण नंबर नाही, रंग नाही, सगळी एकसारखी पांढरी बोचकी. काही लोकांनी लिहिलं की यापेक्षा भंगारात दिली असती तर बरं. मला तसं नाही वाटत, त्या लेटेक्सनेच ती वाचली, ज्यांनी तो थर मारायचा निर्णय घेतला त्यांनी हाताशी होतं त्यात योग्य तेच केलं. पण ती वेळ यायला नको होती.

२००८ च्या शेवटी पुन्हा सरकार बदललं, वेन मॅप संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या काळात हे उघड मान्य झालं की तो मोठा सौदा होणार नाही. एकगठ्ठा विक्रीचा हट्ट सोडला. काही विमानं म्युझियमना द्यायची, बाकीच्यांना जे मिळेल ते गिऱ्हाईक बघायचं. २०१२ मध्ये ड्रेकन इंटरनॅशनल या फ्लोरिडातल्या लेकलँडच्या कंपनीने ८ स्कायहॉक आणि ९ एर्माकी घेतल्या. मिळालेली रक्कम २००५ च्या आकड्याच्या जवळपासही नव्हती.

आता हा प्रश्न विचारायलाच हवा की २००५ ला जे जमलं नाही ते २०१२ ला का जमलं. ड्रेकन ही जॅरेड आयझॅकमन यांनी सुरू केलेली कंपनी, तेच जे पुढे खाजगी अंतराळमोहिमांवर गेले. पण माणसापेक्षा काळ महत्त्वाचा. मधल्या वर्षांत अमेरिकेत 'भाड्याचा शत्रू' हा धंदा रुळला होता. एटॅक नावाची कंपनी इस्रायली क्फिर आणि स्वित्झर्लंडचे जुने हंटर घेऊन अमेरिकी नौदलाला सरावात शत्रू पुरवत होती, म्हणजे खाजगी कंपनीच्या ताब्यात जुनी लढाऊ जेट असणं ही गोष्ट सरकारी टेबलावर ओळखीची झाली होती. आणि गरज वाढत होती. एफ-२२ किंवा एफ-३५ च्या पायलटला सरावाला समोर कोणीतरी लागतं, ते कोणीतरी म्हणून दुसरं एफ-२२ उडवणं म्हणजे अत्यंत महाग तास खर्च करणं. अमेरिकी हवाई दलाने तर २०१४ मध्ये नेवाडातल्या नेलिस तळावरची ६५ नंबर अ‍ॅग्रेसर स्क्वाड्रनच बंद केली, ती एफ-१५ वर शत्रूचं काम करायची. मग ती पोकळी भरणार कोण.

आणि इथे काहू प्रकल्प कामाला आला. बाजारात जुनी जेट पुष्कळ असतात पण त्यांच्यात चालू रडार नसतं, रडार काढूनच विकतात. न्यूझीलंडच्या स्कायहॉकमध्ये एपीजी-६६ होतं, समोरच्या पायलटच्या वॉर्निंग रिसीव्हरला खरंखुरं लढाऊ रडार आपल्यावर लॉक झाल्याचं कळायचं, सरावात यालाच किंमत. रडार एफ-१६ च्या घराण्यातलं असल्याने त्याचे भाग आणि ते जाणणारी माणसं अमेरिकेत मिळत होती. विमान छोटं, नजरेला पटकन सापडत नाही, इंजिन एक, खर्च कमी. शत्रूच्या भूमिकेसाठी याहून काय हवं. ड्रेकनला नेलिसचं काम मिळालं आणि न्यूझीलंडची स्कायहॉक नेवाडाच्या आकाशात नव्या रंगात उडायला लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातलं एक नेलिसजवळ पडलं, पायलट सीट मारून बाहेर पडला आणि वाचला. चाळीस-पन्नास वर्षांच्या एअरफ्रेमवर रोजचं काम करताना हा धोका असतोच, पण ते सीट त्या दिवशी चाललं याचा अर्थ कोणीतरी वेळेवर काडतुसं बदलली होती, कागद पाळले होते. या धंद्यात जीव त्या कागदावर असतो.

अजून एक योगायोग सांगतो. ज्या २८ एफ-१६ न्यूझीलंडने नाकारल्या त्यातल्या काही पुढे अमेरिकी नौदलाकडे गेल्या, नेवाडातच, फॅलनच्या तळावर, आणि तिथे काम तेच, सरावातला शत्रू. म्हणजे घेतली असती ती विमानं आणि विकली ती विमानं, दोन्ही एकाच राज्याच्या वाळवंटावर एकच काम करत होती.

उरलेली स्कायहॉक म्युझियममध्ये गेली, ऑकलंडचं मोटॅट, वायग्रामचं हवाई दल म्युझियम, टौरंगा, अ‍ॅशबर्टन वगैरे. हा भाग चांगला पार पडला, छोट्या गावांतल्या म्युझियमच्या स्वयंसेवकांनी ते लेटेक्स सोलून, साफ करून, विमानं पुन्हा ओळखू येतील अशी उभी केली. यांची विक्री झाली नाही म्हणून हळहळणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. प्रत्येक विमान उडतंच राहिलं पाहिजे असं नाही. ज्या देशात मुलाला ते हात लावून बघता येईल तिथे एक तरी राहिलं पाहिजे.

आता माझं म्हणणं, तुलनेसकट. कुवेतने आपली स्कायहॉक एफ-१८ आल्यावर बाजूला ठेवली आणि १९९८ च्या सुमारास २३ विमानं ब्राझीलच्या नौदलाला ७ कोटी डॉलरला विकली. तीही काही काळ उभी होती, त्यांनाही अमेरिकेची संमती लागली. फरक एवढाच की घेणारं एक सरकार होतं, त्याचं नौदल होतं, जहाज होतं. न्यूझीलंडने स्वतः १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून घेतली तेव्हाही सरकार-सरकार. २००५ च्या सौद्यात मात्र एक खाजगी कंपनी, सगळा ताफा एकदम, मोठा आकडा, आणि संमती हातात नसताना जाहीर केलेली बातमी. माझ्या मते चूक एका ठिकाणी नाही, क्रमात आहे. आधी अमेरिकेला अनौपचारिकपणे विचारायचं की कोणाला दिलं तर तुम्हाला चालेल, त्या यादीतलं गिऱ्हाईक शोधायचं, ते येऊन बघेपर्यंत निदान एक छोटी तुकडी उडती ठेवायची, आणि स्क्वाड्रनचा निरोप सगळ्यात शेवटी. इथे निरोप सगळ्यात आधी झाला. दुसरं म्हणजे एकगठ्ठा विक्रीचा आग्रह. सतरा विमानांसाठी एक गिऱ्हाईक शोधण्यात जी वर्षं गेली त्यात आठ विमानांसाठी एक आणि बाकी म्युझियमला, हा तोडगा कितीतरी आधी निघू शकला असता, शेवटी निघाला तो तोच.

कोणी म्हणेल की २००५ ला 'भाड्याचा शत्रू' हा बाजारच लहान होता, सरकारला कसं कळणार पुढे वाढेल. हे मान्य. पण न्यूझीलंडची स्वतःची दोन नंबर स्क्वाड्रन दहा वर्षं नौराला हेच काम करत होती, ऑस्ट्रेलियाच्या नौदलासाठी. हे विमान शत्रू म्हणून किती उत्तम चालतं हे जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ते काम तसंच चालू ठेवून, त्या तुकडीच्या जोरावर गिऱ्हाईक शोधता आलं असतं असं मला राहून राहून वाटतं, आणि हेच या प्रकरणातलं सगळ्यात जास्त टोचणारं आहे.

म्युझियमला दिलेल्यांपैकी एक विमान देशाबाहेर गेलं, ऑस्ट्रेलियाच्या फ्लीट एअर आर्म म्युझियमला. ते मूळचं ऑस्ट्रेलियाच्याच नौदलाचं, १९८४ मध्ये विकलेल्या दहांपैकी. अमेरिकेत बनलं, ऑस्ट्रेलियाच्या नौदलात राहिलं, न्यूझीलंडने घेऊन त्याच्यात नवं रडार घातलं, वुडबॉर्नला बाकीच्यांबरोबर वर्षानुवर्षं अडकून पडलं, आणि आता नौराला आहे, त्याच तळावर जिथून ते विकलं गेलं होतं.